पिकअपला नवी नळी लावण्याआधी

घरी पिकअप आहे, बाबा आठवडाभर भाडी मारतात आणि रविवारी किल्ली तुमच्या हातात येते, अशा मित्रांसाठी आजचा हा मजकूर. आपल्या जिल्ह्यात अशी घरं कमी नाहीत. मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, कुठल्याही बाजार समितीच्या गेटवर सकाळी उभे राहा, एमएच-28 च्या पिकअपची रांग दिसेल. आणि त्या घरातल्या पोरांच्या मोबाईलवर एक रील हमखास येतं. बोनेट उघडलेलं, आतली काळी प्लास्टिकची एअर फिल्टरची पेटी गायब, तिच्या जागी चकचकीत नळी आणि टोकाला लाल शंकूसारखा फिल्टर. ॲक्सिलेटर दाबला की टर्बोची शिट्टी. नाव 'कोल्ड एअर इनटेक'. पॉवर वाढते म्हणे, ॲव्हरेजही वाढतं.

शिट्टी भारी वाजते, हे कबूल. बाकीचं तपासून घेऊ.

फिजिक्सच्या पुस्तकातला वायूचा नियम आठवा. हवा थंड झाली की दाट होते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणून इंधन चांगलं जळतं. इथपर्यंत रील खरं बोलतं. पण किती? आपल्या उन्हाळ्याच्या तापमानाला हवा तीन अंशांनी थंड झाली, तर घनता साधारण एक टक्का वाढते. दहा अंशांनी केली तरी तीन टक्के. आणि दहा अंश आणणार कुठून? इनटेक काही एसी नाही. तो फार तर बोनेटखालच्या गरम हवेऐवजी बाहेरची हवा घेईल. घाटाखाली मे महिन्यात बाहेरचीच हवा बेचाळीस अंशांवर असते. वर बऱ्याच गाड्यांत कंपनीची पेटी आधीपासून बाहेरूनच हवा घेत असते. उलट स्वस्तातला शंकू इंजिनच्या शेजारी उघडा बसवला, तर आत जाणारी हवा पहिल्यापेक्षा गरम होते.

हा प्रकार गाजला तो अमेरिकेत, मोठ्या पेट्रोल इंजिनांच्या पिकअपवर. तिथे टर्बो नसलेल्या इंजिनला हवा मोकळी मिळाली तर थोडा फरक पडतो. आपली पिकअप बहुतेक टर्बो डिझेल असते. टर्बो हवा दाबतो तेव्हाच ती शंभर अंशांच्या पुढे तापते, मग इंटरकूलर तिला थंड करतो. म्हणजे सुरुवातीला वाचवलेले चार-पाच अंश पुढे जवळजवळ विरून जातात. शिवाय डिझेलची ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं जातं यावर, आणि तो हिशेब ईसीयू ठेवतो. नळी बदलली म्हणून ईसीयू जास्त डिझेल देत नाही.

आता धूळ. आमच्या मते खरा प्रश्न इथे आहे, आणि रीलमध्ये तो कधीच येत नाही.

अडीच लिटरचं डिझेल इंजिन दोन हजार आरपीएमवर मिनिटाला सुमारे अडीच हजार लिटर हवा ओढतं, टर्बोचा जोर असेल तेव्हा आणखी जास्त. ही हवा कुठली? पांदण रस्त्याची, मळणी चालू असलेल्या सोयाबीनच्या शेताची, काम सुरू असलेल्या डायव्हर्जनची. या धुळीत सिलिकाचे कण असतात, लोखंडापेक्षा कठीण. ते आत गेले की टर्बोची पाती, पिस्टन रिंग, लायनर सगळं घासून काढतात. एका दिवसात काही कळत नाही. वर्षभराने गाडी ऑइल खायला लागते, चढाला दम टाकते, आणि मिस्त्री इंजिन खोलायचं म्हणतो. तोवर हप्ते चालूच असतात.

चांगला कागदी फिल्टर 99 टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. गंमत म्हणजे तो थोडा मळला की आणखी बारीक धूळ अडवतो, म्हणून रोज काढून हवा मारणं चुकीचंच. जोराच्या हवेने कागद फाटला तर वरून दिसतही नाही. लाल शंकूत असते तेल लावलेली सुती जाळी. कापसाच्या जिल्ह्यात कापसाविरुद्ध कसं बोलायचं राजेहो, पण हवा मोकळी सोडणारी जाळी धूळही थोडी मोकळी सोडते. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते. जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर त्याचा थर बसतो आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो.

एवढं वाचूनही घ्यायचाच असेल, तर दुकानदाराला पॉवर किती वाढते हे विचारू नका. आयएसओ 5011 चाचणीचा निकाल मागा, त्यात धूळ अडवण्याची टक्केवारी असते. तो दाखवता आला नाही तर परत फिरा. फिल्टर बंद पेटीत हवा, रबरी सील घट्ट हवं, सेन्सरची जागा आणि नळीचा व्यास मूळ मापाचाच हवा. आणि हवा घेणारं तोंड खाली नको. जुलै 2023 मध्ये जळगाव जामोद, संग्रामपूरकडे आलेला पूर विसरला नसाल. खाली तोंड असलेल्या इनटेकने पाणी ओढलं तर ते सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. मोटार वाहन कायद्यानुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, तेही डोक्यात असू द्या.

तेवढ्याच पैशात दुसरं बरंच होतं. कंपनीचा नवा फिल्टर, सैल झालेले क्लॅम्प, इंटरकूलरचे चिरलेले पाइप, टायरची हवा. आजच एक करून पाहा: इंजिन बंद करून फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्याला माती लागली तर गाडी आत्ताच धूळ खातेय, तिला आधी तिथे सांभाळा.

इंजिनिअरिंगला किंवा आयटीआयला असाल तर पुढचं पाऊल टाका. गाडी बीएस-6 असेल तर ओबीडी रीडर लावा, तेवढंच वजन भरून, एकाच वेळेला राजूर घाट चढा, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि लागलेला वेळ लिहा. तीन-चार फेऱ्या जुन्या फिल्टरवर, मग तेवढ्याच नव्यावर. आकडे टिपायला शेजारी मित्राला बसवा. घाटात चालवणाऱ्याने मोबाईलकडे पाहायचं नाही.