दोष माशाचा नाही

दिवाळीच्या सुट्टीत मुर्रीला घरी आलो होतो, तेव्हा गोंदियाच्या बाजारात मरळ मागितली. मासेवाली मावशी हसली. "मरळ आता कुठं भेटते बाबू? चिलापी ने, ताजी आहे." तिच्यासमोर चिलापी, सायप्रिनस आणि रोहू होते. इथल्या तलावांतला मूळचा एकही मासा नव्हता.

"परदेशी माशांनी आपले मासे संपवले," असं आपण सहज म्हणून जातो. मला हे वाक्यच पटत नाही. चिलापी, म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतून पोहत आली नाही. 1952 साली ती मुद्दाम भारतात आणली गेली. 1959 मध्ये चंदेरा आणि गवत्या आणले. उत्पादन वाढावं म्हणून हे मासे बोलावून घेतले, आणि आता आपण त्यांनाच घुसखोर म्हणतो.

पाण्यात पुढे काय होतं ते बघा. चिलापी काही महिन्यांत वयात येते, वर्षातून अनेकदा अंडी घालते आणि पिल्लं तोंडात सांभाळते. थोड्याच काळात तलाव तिच्या बारक्या पिल्लांनी भरतो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरतो, पाणी गढूळ होतं, ऊन खाली पोचत नाही. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो. याच वनस्पतींमध्ये देशी मासे अंडी घालतात, त्यांची पिल्लं तिथेच लपतात. मरळ तर पिल्लांच्या थव्यावर पहारा देते. पण लपायला झाडोराच उरला नाही, तर पहारा देऊन काय उपयोग?

गोंदिया-भंडारा हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाने शेतीसाठी इथे शेकडो तलाव बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा तलाव झाले. मासेमारी ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने आली. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं आणि रोहू-कटल्याचं बीज हवं तेवढं मिळू लागलं. शोध मोठाच होता. पण हे मासे वाहत्या पाण्यातले. साचलेल्या तलावात ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून बीज दरवर्षी विकत आणायचं. मरळ आणि शिंगी मात्र फुकटात वाढायच्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. टीमला एकच आकडा टार्गेट म्हणून दिला की तो आकडा वाढतो आणि बाकी सगळं सडतं, हे रोज बघतो. तलावांचं टार्गेट आहे हेक्टरी किती किलो. किती जातींचे मासे उरले, याचा रकानाच नाही.

कोणी म्हणेल, गरिबाला स्वस्त मासा नको का? हवाच. पण बाजारात रोहूपेक्षा मरळीला जास्त भाव मिळतो, आणि बियाण्याचा खर्च शून्य. देशी मासा संपला, तर आधी खिसा रिकामा होतो तो ढिवराचा. थाई मांगूर या आफ्रिकी माशावर 2000 पासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातोच. तो शिकारी आहे, तलावात सुटला तर दिसेल ते गिळतो. नुसत्या बंदीने काही होत नाही.

होऊ शकतं ते इथेच करून दाखवलं आहे. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर स्त्री-पुरुषांसोबत तलावांतली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, स्थानिक मासे परत सोडले. हेच सरकारी धोरण का होऊ नये? चिलापी आणि गवत्या मामा तलावांत सोडणं बंद करा. प्रत्येक तालुक्यात काही तलाव फक्त देशी माशांसाठी राखा. आणि ठेका देताना किलोंबरोबर जातीही मोजा.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. घरच्या काचेच्या टाकीतला सकर मोठा झाला की "जगू दे बिचारा" म्हणत तलावात सोडणारे आपणच. तो दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. ही दया नव्हे. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या. आणि तुमच्या गावच्या ग्रामसभेत एकदा विचारा: यंदा आपल्या तलावात कोणतं बीज पडलं, आणि ते कोणी ठरवलं?