तिसरी सुई

दिवाळी सरते, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर आणि बिजवडी येथील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि बीड-अहिल्यानगरकडील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बारामती-इंदापूरच्या शिवारांत कोप्या उभारतात. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एकच 'कोयता' गणला जातो. त्या कोयत्याचा निम्मा भार वाहणाऱ्या बाईच्या प्रकृतीचे दप्तर मात्र बहुधा तिच्याच पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या माता-बाल कार्डाच्या रूपाने असते.

या बाईच्या प्रकृतीला एक छुपा धोका आहे उपदंशाचा. ज्या उपदंशाला आपण 'गरमी' म्हणतो आणि सोळाव्या शतकात वैद्य भावमिश्राने 'फिरंगरोग' म्हटले, त्याचा पहिला व्रण दुखत नाही; स्त्रीच्या देहात तो पुष्कळदा आतल्या बाजूस असल्याने दिसतही नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोग मात्र रक्तात राहतो. गरोदर स्त्रीवर वेळीच उपचार न झाल्यास निम्म्याहून अधिक वेळा गर्भपात, मृतजन्म अथवा बाधित बालक असा अनर्थ ओढवतो.

आणि उपाय किती साधा! 1943 साली या रोगावर पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाला, आणि 1954 साली याच पुणे जिल्ह्यात, पिंपरीस, त्या औषधाच्या निर्मितीसाठी सरकारी कारखाना स्थापन झाला. रोग नवा असेल तर बेंझाथीन पेनिसिलिनची 24 लाख युनिटांची एक सुई पुरते. जुना किंवा अज्ञात मुदतीचा असेल, तर आठवड्याच्या अंतराने अशा तीन. बाईस एचआयव्ही असो वा नसो, औषध हेच आणि मात्राही हीच. एचआयव्ही असल्यास फरक देखरेखीचा: दोन वर्षांपर्यंत रक्ताची तपासणी अधिक वेळा करावयाची, आणि दृष्टी वा मज्जासंस्थेच्या तक्रारींकडे विशेष लक्ष द्यावयाचे. म्हणून 'हिला आता काय उपयोग' हा विचार शास्त्रास सोडून आहे, आणि माणुसकीसही. उलट, व्रणातून एचआयव्हीस वाट मिळत असल्याने एका रोगाची तपासणी होताच दुसऱ्याचीही व्हावयास हवी.

खरी अडचण तिसऱ्या सुईची आहे. पहिली सुई गावच्या आरोग्य केंद्रात टोचली जाते; दुसरीच्या दिवशी टोळी वाटेत असते; तिसरीच्या दिवशी बाई पहाटेच्या थंडीत उसाच्या फडात मोळ्या बांधत असते, आणि एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. गरोदरपणी मधली सुई चुकली, तर तिन्ही पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात.

म्हणून माझी मागणी अशी, की तपासणी आणि पहिली सुई एकाच भेटीत व्हावी. पुढच्या दोन तारखा कार्डावर लिहून, तिच्या संमतीने, टोळी जाणार असेल त्या इलाख्याच्या आरोग्य केंद्रास गुप्तपणे कळवाव्यात. आशाताई अथवा परिचारिकेने सुई घेऊन फडावर जाण्याची तजवीज आरोग्य विभागाने व कारखान्यांनी मिळून करावी. आणि तिच्या नवऱ्यावरही उपचार व्हावेत, नाहीतर तिची बरी झालेली काया त्याच्याकडून पुन्हा बाधित होईल. 2017 च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांच्या गोपनीयतेचे आणि समान वागणुकीचे संरक्षण केलेच आहे. त्या संरक्षणाची सावली कोपीपर्यंत पोहोचावी.

ऊस कोणत्या फडातून कोणत्या दिवशी कारखान्यात येतो, याचा हिशेब आपण बिनचूक ठेवतो. तो उचलणाऱ्या हातांची तिसरी सुई कधी आहे, याचाही हिशेब आपल्याला ठेवता येईल.