नाव एक, मापे दोन

अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. त्यांतील चौथा ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे घेताना मोठे आणि देताना लहान माप वापरणे. आज आपल्या दुकानांतील काटे शासनाकडून तपासलेले असतात. त्यामुळे हा अतिचार आपल्याला शिवत नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि काटा बिनचूक असूनही मापाच्या नावातून तो शिरू शकतो.

१९५६ च्या कायद्यान्वये देशाने मेट्रिक मापे स्वीकारली आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून शेर-मण टप्प्याटप्प्याने बाजारातून गेले. सांगलीच्या पेठेत हळदीचा भाव क्विंटलवर निघतो. साताऱ्याकडे आल्याचा भाव आजही ‘गाडी’वर बोलला जातो, पण ती गाडी ५०० किलोंची, हे शेतकरी आणि व्यापारी दोघेही जाणतात. अशा ठिकाणी जुन्या शब्दाने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते एका शब्दाचे दोन अर्थ चालू राहिल्यामुळे.

तोळ्याचेच पाहा. इंग्रजी अमदानीतील तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. सराफी व्यवहारातील आजचा तोळा १० ग्रॅमचा आहे. आजीच्या जुन्या यादीत ‘२५ तोळे’ लिहिले असेल, तर ते सोने सुमारे २९१.६ ग्रॅम भरते. वाटणीच्या वेळी ते २५० ग्रॅम धरले, तर ४१ ग्रॅमांहून अधिक सोने कोणाच्या तरी हक्कातून निसटते.

जमिनीचेही तसेच. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, तर सातबाऱ्यावरचा आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. बोलण्यात दोन्ही एकच मानले जातात. ४० गुंठ्यांचा एकर ४० आर धरला, की सुमारे ५०० चौरस फूट कमी पडतात. रस्त्यालगत एवढ्या जागेत एक दुकान उभे राहते.

‘बाजारात हे सर्वांना ठाऊक असते,’ असे कोणी म्हणेल. व्यापाऱ्यांना ठाऊक असते. जुना दागिना घेऊन आलेल्या वृद्धेला किंवा माहेरच्या वाटणीस बसलेल्या बहिणीला ते ठाऊक असेलच असे नाही. २००९ च्या वैधमापन कायद्यानुसार भाव आणि पावती प्रमाण मापांतच द्यावी लागते. कायद्याची दृष्टी पावतीवर असते; व्रताची दृष्टी मात्र समोरच्याच्या अज्ञानाचा लाभ आपण घेतला का, यावर असते. फरक जाणून गप्प राहणे हाही त्याच अतिचाराचा अंश होय.

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक कुटुंबाने जुन्या याद्या आणि वाटणीपत्रे एकदा काढून पाहावीत. तोळ्यापुढे ग्रॅम आणि गुंठ्यापुढे चौरस मीटर लिहावेत. यादी कोणत्या सालची, हेही नोंदवावे. तोळा, गुंठा, वार हे शब्द घरात खुशाल नांदोत. हिशेबाच्या वहीत मात्र त्यांच्याशेजारी आजचे माप असलेच पाहिजे.

जय जिनेंद्र.