गुरुजींचा रविवार आणि आपला



‘सुट्टीचा दिवस’ हा निबंध आपण मुलांकडून दरवर्षी लिहून घेतो. यंदा माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने शेवटी लिहिलं होतं, “आमच्या बाईंना पण रविवारी सुट्टी असते. त्या वह्या तपासतात.” मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. तेव्हा रविवारचे दुपारचे तीन वाजले होते, आणि गॅसवर दूध उतू गेलं होतं ते वेगळंच.

आज लिहायचं आहे ते मात्र आमच्या शाळेतल्या ज्येष्ठ गुरुजींबद्दल. पुढच्या मे महिन्यात ते निवृत्त होतील. गेली वीसेक वर्षं ते मुलांसाठी गोष्टी लिहितात, दिवाळी अंकांत छापूनही येतात. आठवडाभर शाळा, शनिवारची सकाळची शाळा सुटली की घरी, आणि रविवारी सकाळी सहापासून लेखन, असा त्यांचा नेम. “तुम्ही आराम कधी करता?” असं विचारलं की म्हणायचे, “अहो, लिहिणं हाच माझा आराम.” आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. फळ्यावर लिहिताना खडू सुटायचा. डॉक्टरांनी मानेच्या मणक्यांत झीज सांगितली आणि गळ्यात पट्टा आला. त्या महिन्यात गुरुजी पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. निवृत्तीनंतर गोष्टींचं पुस्तक करायचं मनात होतं, आणि हातच साथ देईना.

तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये जो हिशेब मांडला तो मला पटला. सोमवार ते शनिवार आपण काय करतो? टाचण लिहितो, वह्या तपासतो, वर्णनात्मक नोंदी लिहितो, मोबाईलवर माहिती भरतो. मान खाली, डोळे जवळच्या अक्षरावर. रविवारी गोष्ट लिहायची तरी मान खालीच आणि डोळे तिथंच. मनाला तो आराम वाटेल, पण मानेला काय कळतंय ती गोष्ट आहे की नोंदवही! पंचविशीत हे चालून जातं. चाळिशीनंतर चष्मा लागतो आणि पन्नाशीनंतर एका दिवसाचा शीण एका रात्रीत जात नाही.

आता त्यांनी उलटं केलंय. लेखन रोज पहाटे अर्धा तास, फार तर एक पान, तेही उतरत्या मेजावर वही ठेवून म्हणजे मान वाकत नाही. नोंदी शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर थांबून तिथंच संपवतात, दप्तर घरी नेत नाहीत. रविवार कोरा. सकाळी बाजारात चालत जातात, भाजी स्वतः निवडतात, दुपारी झोपतात आणि संध्याकाळी नातवाला घेऊन नदीवर. मोबाईल कपाटावर. पहिले तीन-चार रविवार म्हणे फार अपराधी वाटलं, काहीतरी चुकवतोय असं.

हे अपराधीपण येतं कुठून? ही सुट्टी आपल्याला कुणी उदार होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी सुरू झाली. लोखंडे स्वतः लिहिणारे होते, ‘दीनबंधू’चे संपादक. इतक्या खटपटीने मिळालेला दिवस आपण व्हॉट्सॲपच्या एका मेसेजवर देऊन टाकतो. शिक्षण हक्क कायद्यातही शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत ते पाठाच्या तयारीसह. शनिवारचे साडेचार तास वजा केले तर बाकी पाच दिवस रोज आठ तासांच्या आसपास पडतात. म्हणजे तयारी आठवड्यातच बसायला हवी. ती बसत नाही, कारण मधले तास माहिती भरण्यात जातात, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. ‘आज सायंकाळपर्यंत तात्काळ’ असा मेसेज रविवारी सकाळी येतो तेव्हा ती माहिती शुक्रवारीही मागता आली असती, असं निदान आपल्यातल्या मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनी म्हणायला हवं.

पालकांनाही एक विनंती. रविवारी रात्री दहा वाजता “उद्या चित्रकलेची वही आणायची का?” हे विचारू नका. आणली तर आणली. आणि आम्ही शनिवारी दहा-दहा पानं शुद्धलेखन देतो, ती चूक आमची. ते लिहिताना मुलांची मान खाली असते आणि तपासताना आमची. मी या सत्रापासून शनिवारचा लेखी अभ्यास बंद केलाय. एका पालकांनी तक्रार केली की पोरगं दिवसभर उनाडतं. उनाडू दे की!

एक गोष्ट गुरुजींनाही ऐकवली. त्यांचा रविवार कोरा झाला, पण वहिनींचा? माझ्यासारख्या बायकांचा रविवार म्हणजे धुणं, दळण, आठवड्याचं पीठ-मीठ आणि वर “आज सुट्टी आहे तर काहीतरी वेगळं कर ना”. गुरुजी हसले नाहीत. पुढच्या सोमवारी सांगत आले की रविवारी सकाळचे पोहे आता ते करतात. मीठ जास्त पडलं होतं म्हणे.

हाताच्या मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत. पण पहाटेच्या एकेका पानातून दिवाळीपासून चार गोष्टी झाल्या. त्यातली एक मी परवा वर्गात वाचून दाखवली, आणि मुलांनी ती पुन्हा वाचायला लावली.