आवक मोजली, साठा कोण मोजणार?

लासलगावच्या बाजार समितीत सकाळी किती ट्रॅक्टर आले, हे कोणीही सांगेल. चाळींत किती कांदा शिल्लक आहे, याचे उत्तर मात्र अंदाजानेच मिळते आणि अशा अंदाजांवर धोरणे ठरतात. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळातील निर्यातबंदीची झळ निफाड तालुक्याला वेगळी सांगायला नको. कोकण किनाऱ्यावरील कोळी अशाच पेचात आहे. फरक इतकाच, की त्याची चाळ समुद्राखाली आहे.

आपल्याकडे मासळीचा हिशेब मुख्यतः बंदरावरील आवकेवरून मांडला जातो. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था किनाऱ्यावरील बंदरांवर नमुने घेऊन एकूण आकडा काढते. काम मोलाचे आहे. पण आवक वाढली ती मासळी वाढल्यामुळे, की नौका जास्त गेल्यामुळे, हे नुसत्या आवकेवरून कळत नाही.

येथे आवाज मदतीला येतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. बोटीच्या तळातून सोडलेली लहर माशावर आदळून परतते. बहुतेक माशांच्या पोटातील हवेची पिशवी हा प्रतिध्वनी ठळक करते. नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी १९३५ मध्ये कॉड माशांच्या थव्यांचे असे आलेख प्रसिद्ध केले. ठरावीक रेषांवरून बोट फिरवायची, प्रतिध्वनींची बेरीज करायची, मधूनमधून जाळे टाकून जात व लांबी तपासायची, की साठ्याचा अंदाज हाती येतो. मुशीला ही पिशवी नसते, तळालगतची मासळी निसटते, आपल्या उष्ण समुद्रात अनेक जाती मिसळलेल्या असतात. म्हणजे हाही अंदाजच; पण पाण्यातल्या मासळीचा, टोपलीतल्या नव्हे.

मात्र हेच यंत्र थवा हेरून पकडायलाही वापरले जाते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड घटत असताना उरलेले थवे एकवटले आणि यंत्रसज्ज जहाजांची जाळी भरत राहिली. अखेर जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला.

महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन नौकांचे परवाने आणि हंगाम मर्यादित केले. पारंपरिक मच्छीमार व पर्ससीनधारक यांचा वाद तरीही धुमसतो आहे. केवळ आवकेच्या आकड्यांनी तो मिटणार नाही. पावसाळी बंदीच्या आधी व नंतर ध्वनिमापन व्हावे आणि त्याचे आकडे बंदराच्या फलकावर लागावेत. कांद्याच्या चाळीत निदान माणूस डोकावून तरी पाहू शकतो. समुद्रात ते काम आवाजालाच करावे लागेल. त्याने आणलेली बातमी फक्त मोठ्या जाळ्याच्या मालकाला कळून चालणार नाही.