जहाजावरील दारू-तपासणी : उशीर कोणाच्या फायद्याचा?

कापडाच्या गाठी जहाजावर चढल्या आणि बिल ऑफ लेडिंग हाती आले की आपला व्यापारी निश्चिंत होतो. वास्तविक त्यानंतर त्याचा धंदा रात्री जहाजावर पहारा करणाऱ्या एका माणसाच्या शुद्धीवर अवलंबून असतो. म्हणून जहाजावरील माणसांची दारू-तपासणी हा केवळ खलाशांचा प्रश्न आहे, असे आम्ही मानत नाही.

२४ मार्च १९८९ रोजी 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्कात खडकावर चढले. सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात गेले, मच्छीमारांची रोजी बुडाली. जहाज सुटण्यापूर्वी कप्तानाने बंदरात दारू घेतली होती. पण त्याच्या रक्ताचा नमुना घेतला गेला तो अपघातानंतर दहा तास उलटून गेल्यावर! १९९० मध्ये ज्युरीने नशेच्या आरोपातून त्याला निर्दोष सोडले. वाद मात्र कधीच मिटला नाही. उशिरा केलेली तपासणी अपराध्याला पकडत नाही आणि निरपराध्याला इन्साफही देत नाही.

अमेरिकेत आता मर्यादा रक्तात ०.०४ टक्के अल्कोहोल अशी आहे. कामावर येण्यापूर्वी चार तास दारू वर्ज्य आहे आणि २००६ पासून गंभीर अपघातानंतर दोन तासांत तपासणीचा नियम आहे. २०१० च्या मनिला सुधारणांनी ०.०५ टक्क्यांची आंतरराष्ट्रीय मर्यादा घातली. ती १ जानेवारी २०१२ पासून लागू झाली. भारतही त्या करारात आहे.

पण कागदावरची मर्यादा पुरेशी नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये कागदाचा माल नेणारे 'लिसब्लिंक सीवेज' हे जहाज स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर भर वेगात चढले. पहाऱ्यावरचा एकटा अधिकारी सुमारे अर्धा लिटर रम पिऊन आला होता. कंपनीत दारूबंदी होती, तरी जहाज कायमचे निकामी झाले.

अशा वेळी भुर्दंड कोणाला? १९२४ च्या हेग नियमांप्रमाणे, कप्तान किंवा खलाशांनी जहाज हाकण्यात चूक केली तर मालाच्या नुकसानीची जबाबदारी वाहतूक कंपनीवर सहसा येत नाही. उलट जहाज व माल वाचवण्याच्या खर्चात 'जनरल ॲव्हरेज' म्हणून माल-मालकालाच वाटा द्यावा लागतो. पैसे किंवा हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा नसलेला छोटा कारखानदार यातच बुडतो.

तपासणी म्हणजे खलाशांवर अविश्वास, असे काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांची चूल जहाजाच्या पगारावर पेटते. अपघात झाला की बोट प्रथम खलाशाकडेच दाखवले जाते. वेळेवर झालेली तपासणी हीच त्याची साक्षीदार. दारू हराम मानणाऱ्या तरुणाला तर तिची भीती बाळगण्याचे कारणच नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. मर्यादेइतकीच तपासणीची वेळही प्रत्येक देशाच्या कायद्याने ठरवावी. जहाजावर श्वास तपासण्याचे यंत्र असावे, कप्तानापासून भटाऱ्यापर्यंत सर्वांना एकच नियम असावा, नोंदीची प्रत खलाशाला मिळावी. आणि व्यापारी बांधवांनो, हा कायदा नीट अमलात येईपर्यंत सागरी विम्याचा हप्ता वाचवण्याच्या मोहात पडू नका.