कोरून उरलेली रेषा

फाळणीवरची चित्रं म्हटली की गच्च भरलेल्या आगगाड्या आणि डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. झरीना हाश्मींच्या ‘डिव्हायडिंग लाइन’मध्ये (२००१) माणूसच नाही. फिकट कागदावर भारत-पाकिस्तान सीमेची एक काळी, वेडीवाकडी रेषा, एवढंच. पण ती उमटली कशी, ते बघा. लाकडी ठशात कोरलेला भाग कोरा राहतो, उरलेल्याला शाई लागते. म्हणजे ही रेषा कुणी ओढलेली नाही. दोन्हीकडचा मुलूख कोरणीनं खरवडून काढल्यावर ती उरली आहे. कोरणीचे बारीक ओरखडेही तिच्या आजूबाजूला छापले गेलेत. फाळणीवर याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही.

झरीनांचा जन्म १९३७चा, अलिगढचा. वडील तिथल्याच विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. त्या स्वतः गणित शिकल्या. पुढे घरचे कराचीला गेले आणि त्या लग्नानंतर बँकॉक, पॅरिस, न्यूयॉर्क अशा फिरत राहिल्या. २०२० साली लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची बहीण राणी कराचीत. तिनं उर्दूत लिहिलेली काही पत्रं टपालात कधी पडलीच नाहीत. त्यांत जिवलगांचे मृत्यू होते, घर विकल्याचं दुःख होतं. ती हाती आल्यावर झरीनांनी ‘लेटर्स फ्रॉम होम’ (२००४) ही आठ चित्रं छापली. खाली राणीचं हस्ताक्षर, वर घराचा आराखडा किंवा नकाशा. ओळी दिसतात, पण बहिणी-बहिणींमधलं सगळंच आपल्या हाती लागत नाही. ते योग्यच आहे.

त्याआधी, १९७०च्या दशकात, त्यांनी शाईही बाजूला ठेवली होती. पांढरा कागद आणि सुई. समोरून पाहिलं तर जवळजवळ काहीच दिसत नाही; उजेड तिरका पडला की एकेका टोचणीची कड आणि तिची इवलीशी सावली वर येते. जपून टोचलं नाही तर असा कागद फाटतो. त्या जोखमीतच या कामाची ताकद आहे.

आपल्याकडे अजूनही कॅनव्हास म्हणजे खरं चित्र आणि छापचित्र म्हणजे स्वस्तातली प्रत, असा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. पुढच्या प्रदर्शनात मुद्राचित्रांच्या भिंतीपाशी जरा रेंगाळा, आणि कागद बाजूनंही पाहा.